खोटा निरोप

ओतशाळेत त्याला सगळे रंगारी म्हणत. आयुष्यात त्याने एक भिंत रंगवली नव्हती. भट्टीतला लोखंडाचा रस ओतण्याजोगा झाला की नाही हे तो रसाच्या रंगावरून ठरवी आणि त्याने हात वर केल्याशिवाय साच्यांकडे कोणी सरकत नसे, म्हणून हे नाव. पुढे भट्टीला तापमान दाखवणारे यंत्र आले. यंत्र कधी चुकले नाही. तरी आकडा वाचून झाला की माणसे सवयीने त्याच्या हाताकडे पाहत. ह्यात यंत्राचा अपमान नव्हता आणि त्याची थोरवीही नव्हती. एकाच जागी निम्मे आयुष्य उभ्या राहिलेल्या माणसाकडे लोक जाता-येता पाहतातच.

स्थिर राहणे हा त्याचा एकमेव लौकिक. बायको म्हणे, "ह्यांना कपाटाशेजारी उभं केलं तर पाहुणे ह्यांच्यावरच कोट टांगतील." मूलबाळ नसलेल्या त्या घरात दोन खोल्या होत्या आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचे शिवणयंत्र होते. शिंप्यांकडून आलेल्या शर्टांना ती काजे करी, बटणे लावी. संध्याकाळी तो येई, धूळ झटके, खोके, आणि यंत्रासमोरच्या खुर्चीत बसे. यंत्राची टकटक आणि त्याचे गप्प बसणे ह्या दोन्हींचा तिला इतका सराव होता की त्यांतले एक थांबले तर दुसऱ्यात चूक होई.

म्हणून तो जेवता जेवता उठून फेऱ्या मारू लागला, तेव्हा ते तिच्या ताबडतोब लक्षात आले. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, मागच्या खोलीतून पुन्हा पुढे. दाराची कडी काढायची, लावायची, पुन्हा काढायची.

"काय शोधताय?"

"काही नाही."

"मग सापडलं का काही नाही?"

एरवी अशा टोमण्यावर तो मिशीत हसला असता. ह्या वेळी त्याने तिच्याकडे पाहिले, जणू प्रश्न अवघड होता आणि उत्तर त्याला कालपर्यंत येत होते.

"डोकं दुखतंय," तो म्हणाला.

तिने पाण्याने भरलेला पेला पुढे केला. विचार करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या घरात तो नियम होता. ओतशाळेच्या दाराशी पाण्याचे पिंप असे आणि नव्या माणसाला लोखंडाआधी तेच दाखवले जाई: डोके गरगरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, मळमळले, कोणावर हात उचलावासा वाटला, तरी आधी पोटभर पाणी प्यायचे आणि मग तोंड उघडायचे. भट्टीसमोर घामाने माणूस आटत जातो. तिथे हा नियम चोख होता आणि त्याने पुष्कळांना वाचवले होते. मात्र रंगारीने तो कामाच्या कपड्यांबरोबर घरी आणला. बायकोला ताप येवो, धाकट्या भावाचे लग्न मोडायची वेळ येवो, घरमालक दारात येऊन ओरडो, पहिला उपाय पाणी. भाऊ गमतीने म्हणे, "दादाच्या घरी मयताला गेलं तरी हा आधी मयताला पाणी विचारील."

डोकेदुखी गेली नाही. अन्नावरची वासना उडाली, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले. खोकला जुनाच होता. ओतशाळेत न खोकणारा माणूस म्हणजे कालच लागलेला माणूस, आणि त्यात रंगारीच्या बोटांत विडी असेच. त्या खोकल्याकडे कोणी पाहिले नाही. पाहिले ते त्याच्या हाताकडे. एके दिवशी त्याने तो फार लवकर वर केला. यंत्राचा आकडा वाचायचे सगळेच विसरले, आणि मोठ्या चाकाचा साचा अर्धा भरतो न भरतो तोच रस गोठला. दोन दिवसांनी त्याने हात वर केलाच नाही. भट्टीकडे तोंड करून उभा राहिला आणि शेजारच्याला म्हणाला, "हे कोण पेटवून गेलं?" मुकादमाने त्याला रजेवर पाठवले. पाठवताना पाठीवर हात ठेवून सांगितले, "घरी जा, आराम कर, पाणी पी."

घरी बसल्यावर तो झपाट्याने बिघडला. चालताना भिंत धरी. एक वाक्य सुरू करून दुसऱ्याच वाक्यात संपवी. ती यंत्र सोडून त्याच्या मागे पेला घेऊन हिंडू लागली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, शक्तीचे औषध दिले आणि ज्याला त्याला सांगत तेच सांगितले: भरपूर पाणी. ती मनात म्हणाली, बघा, शिकलेली माणसंही हेच सांगतात. त्या दिवसापासून तिने पेला बाजूला ठेवला आणि पाण्याचा मोठा जग हातात घेतला.

वरच्या मजल्यावर राहणारा धाकटा भाऊ बस चालवायचा. गाडी चालवताना बोलायला बंदी असल्यामुळे तो सगळे बोलणे घरासाठी राखून ठेवी.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण दादाचं वरचं मडकं हललंय. आमचा एक चालक असाच झाला होता. मनाच्या डॉक्टरकडे नेऊ."

"वेड लागलेलं नाही त्यांना."

"मी वेड म्हटलं का? तुम्हीच म्हणालात."

तिचा जीव टांगणीला लागला होता तो ह्याच एका गोष्टीवर. आजार येतात आणि जातात; पण ज्या माणसाशी ती भांडत आली तो आत शिल्लक आहे की नाही, हे तिला कळेना. काल त्याने तिला 'बाई' म्हणून हाक मारली होती, जशी दुकानात परक्या बाईला मारतात.

मनाच्या डॉक्टरांनी त्याला थोडे प्रश्न विचारले, डोळे तपासले, चालून दाखवायला सांगितले, आणि एकही गोळी न लिहिता रक्त तपासायला पाठवले. "एवढा वेळ बसवून घेतलं आणि हात हलवत परत पाठवलं," भाऊ कुरकुरला. "मनाचं दुखणं रक्तात कसं दिसायचं?" रक्त देऊन घरी आल्यावर, अशक्तपणा नको म्हणून तिने रंगारीला आख्खा जग रिकामा करायला लावला. दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला. माणूस विचारत होता की पेशंट शुद्धीवर आहे का, आणि असो-नसो, त्याला ह्या क्षणी रुग्णालयात न्या म्हणत होता.

टॅक्सीत त्याला झटका आला. मान एका बाजूला वळली, दात आवळले गेले, आणि तिच्या मांडीवर जे थरथरत होते ते तिच्या ओळखीचे शरीर नव्हते.

अतिदक्षता विभागातून बाहेर आलेली डॉक्टर वयाने लहान होती, केस बारीक कापलेले, बोलणे सावकाश. तिने सांगितले की झटका थांबला आहे आणि रक्तातले मीठ फारच खाली गेले आहे.

"माझ्या स्वयंपाकात मीठ कमी नसतं," बायको ताडकन म्हणाली. "वाटल्यास ह्यांच्या भावाला विचारा."

"जरा जास्तच असतं," भाऊ म्हणाला.

डॉक्टर हसली नाही, पण बाकावर त्यांच्या शेजारी बसली. "मीठ कमी झालेलं नाही, काकू. पाणी जास्त झालंय. चमचाभर मीठ वाटीत टाका नाहीतर बादलीत टाका, मीठ तेवढंच. पण बादली अळणी लागते. ह्यांचं रक्त बादलीसारखं झालंय. त्यामुळे मेंदूला सूज येते, माणूस बडबडतो, तोल जातो. पाणी खूप पीत होते का?"

ती म्हणाली, "मीच पाजत होते."

"एकट्या त्यानं एवढं होत नाही. निरोगी माणसाच्या मूत्रपिंडांनी ते जास्तीचं पाणी बाहेर टाकलं असतं. ह्यांची टाकत नाहीत. कोणीतरी त्यांना अडवतंय." डॉक्टरने विचारले, "खोकला आहे का? विडी, सिगारेट?"

"ओतशाळेत सगळेच खोकतात."

"छातीचा फोटो काढू."

फोटोत उजव्या फुप्फुसाच्या मुळाशी पांढरट ढग होता. मग मोठ्या यंत्रातून आडवे छेद घेतलेले फोटो, मग श्वासनलिकेत नळी घालून काढलेला कणभर तुकडा. ती प्रत्येक खोलीबाहेर उभी राहिली. तिला सगळे समजत होते, फक्त एक धागा जुळत नव्हता: गाठ छातीत, मग डोके का फिरले? तो प्रश्न तिने डॉक्टरला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारला.

"आपल्या मेंदूखाली एक ग्रंथी असते," डॉक्टर म्हणाली. "शरीरात पाणी कमी पडलं की ती रक्तातून मूत्रपिंडांना निरोप धाडते: पाणी सोडू नका, धरून ठेवा. त्या निरोपालाच संप्रेरक म्हणतात. ही जी गाठ आहे, ती नुसती बसून राहत नाही. तीच तो निरोप तयार करते आणि पाठवत सुटते. पाणी कमी नसतानाही. मूत्रपिंडं हुकुमाची ताबेदार. निरोप कोणाकडून आला हे ती विचारत नाहीत."

"म्हणजे वेड नाही."

"वेड नाही."

त्या क्षणी तिला वाटलेली सुटका इतकी मोठी होती की गाठ ह्या शब्दाचा धक्का तिला उशिरा, जिन्यावर, एका पायरीवर पाय टाकताना बसला.

उपचार उलटा होता. शिरेतून खारे पाणी थेंबथेंब दिले जाई, रक्तातले क्षार, म्हणजे तेच मीठ, एकदम वर जाऊ नयेत म्हणून वारंवार रक्त तपासले जाई, आणि प्यायला दिवसाकाठी मोजके पाणी. रंगारीला हे कोणी समजावू शकत नव्हते, कारण समजायचे तेच ठिकाण सुजले होते. तो विनवी, शिव्या देई, तोंड पुसायचा ओला रुमाल चोखी. एकदा तो हात धुण्याच्या नळाखाली डोके घातलेला सापडला. ती त्याचे ओठ ओल्या कापसाने पुसत बसे आणि तो म्हणे, "बाई, तुमच्या घरी कोणाला पाणी विचारत नाहीत का?"

भेटीच्या वेळी ओतशाळेतला साचेवाला आला. त्याचा आवाज भट्टीवरून ऐकू जाई म्हणून त्याचे नाव भोंगा. ती औषधे आणायला खाली गेली होती. परत आली तर रंगारी डोळे मिटून सुखात पडला होता आणि भोंगा हळूच पिशवीचा बंद आवळत होता.

"पाजलंत?"

"घोटभर, वहिनी. ओठ बघा ना त्याचे. साच्यातली वाळू बरी."

"बाटली दाखवा."

बाटली रिकामी होती. तिने ती त्याच्या छातीवर आपटली. "तुम्हाला सांगितलं होतं मी. पाणी देऊ नका म्हणून पलंगाच्या डोक्यावर बोर्ड लावलाय."

"बोर्ड वाचून माणसाला तहानेनं मारू का? मी भट्टीपुढे आडवा झालो होतो तेव्हा ह्यानंच माझ्या तोंडात पाणी ओतलं. आज ह्याची पाळी आली तर मी हात बांधून बसू?"

"तुम्ही बाहेरून वाळला होतात. हे आतून भरलेत."

भोंग्याला हे पटले नाही, पण तिचा चेहरा पाहून तो आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजला, "चुकलं असेल तर मारा मला, पण असं बघू नका." दुसऱ्या सकाळी क्षार पुन्हा खाली आले होते. तिने त्याला दोष द्यायचे सोडून दिले. तिने स्वतः जग जग भरून पाजले होते. भोंग्याची तर एकच बाटली.

तुकड्याचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरने तिला आणि भावाला लहानशा खोलीत बसवले. फुप्फुसाचा कर्करोग, लहान पेशींचा. वेगाने पसरणारा आणि म्हणूनच शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेरचा. औषधांना तो सुरुवातीला चांगला दबतो, गाठ आकसली की खोटे निरोपही थांबतात. पण बहुधा परत येतो. डॉक्टरने 'बहुधा' हा शब्द दोनदा वापरला.

"दादाला सांगायचं नाही," भाऊ लगेच म्हणाला. "अर्धवट शुद्धीत आहे तोवर आपणच सह्या करून टाकू. त्याला वाटू दे, पाणी झालं होतं आणि ते उतरलं."

"आज सांगून त्यांना कळणारच नाही," डॉक्टर म्हणाली. "पण क्षार वर आले की ते पूर्ण भानावर येतील. मग औषधं घ्यायची की नाही, हे मी त्यांनाच विचारणार. त्यांच्या देहाबद्दल ते बोलू शकत असताना मी दुसऱ्याला विचारू शकत नाही."

"वहिनी, तुम्ही बोला की काहीतरी."

तिला एवढेच दिसले की ज्या शुद्धीसाठी ती जीव टाकत होती तिच्या पोटातच दुसरे संकट आहे. तो भानावर आला की विचारणार. विचारले की सांगावे लागणार.

रोज सकाळी डॉक्टर त्याच्या पलंगाशी येऊन तेच प्रश्न विचारी: तुम्ही कुठे आहात, कोणता महिना, ह्या कोण? पहिल्यांदा तो म्हणाला, "ओतशाळेत. आणि ह्या बाई इथे नोकरीला आहेत." नंतरच्या खेपेला त्याने महिना बरोबर सांगितला. तिच्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा की भीतीचा हे तिने स्वतःला विचारायचे टाळले. जागेवर बसवेना. ती वॉर्डाच्या टोकापर्यंत जाई, परत येई, खिडकी उघडी, लावी.

तिसऱ्या प्रहरी, भेटणारे निघून गेल्यावर, तो जागा झाला आणि साध्या, जुन्या आवाजात म्हणाला, "थोडं पाणी दे ना गं."

त्या 'गं'ने तिचे काळीज हलले. शेजारच्या पलंगाच्या टेबलावर भरलेला पेला होता. तिने तो उचलला. मनात एक हिशोब क्षणभर स्वच्छ उभा राहिला: हा पेला, मग आणखी एक, आणि तो पुन्हा धुक्यात जाईल. काही विचारणार नाही. तिला 'बाई' म्हणेल, आणि आपल्याला काय झाले आहे हे न कळता सुखाने जाईल. भाऊजी म्हणतात ते हेच, फक्त त्यांनी सह्या म्हटले.

"दे ना."

"नाही मिळायचं," ती म्हणाली. "रागवायचं तेवढं रागवा."

तिने पेला ज्याचा होता त्याच्याकडे ठेवला. रंगारी रागावला, पुष्कळ वेळ, आणि पूर्वीसारखाच, भिंतीकडे तोंड करून.

पुढे एका सकाळी डॉक्टरने विचारले, "तुम्ही कुठे आहात?" तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही रोज येता, तुम्हाला अजून पत्ता सापडला नाही?" डॉक्टर मोकळेपणाने हसली. बायको हसली नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या भावाने लगबगीने सुरुवात केली, "दादा, काही नव्हतं रे, अंगात पाणी झालं होतं. उतरलं आता."

"कशानं झालं?"

"असंच. होतं कोणाकोणाला."

रंगारीने भावाकडे पाहिलेच नाही. तो बायकोकडे वळला. "कशानं झालं?"

भावाने तिच्याकडे पाहून मान हलवली. ती स्टूल ओढून त्याच्या इतक्या जवळ बसली की तिचे गुडघे पलंगाच्या दांड्याला लागले.

"छातीत गाठ आहे. कर्करोगाची. ती तुमच्या शरीराला खोटं सांगत होती, पाणी धरून ठेव म्हणून. म्हणून डोकं फिरलं. आणि मी वरून पाजत होते."

"वहिनी!" भाऊ म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

रंगारी बराच वेळ स्थिर राहिला. ती स्थिरता परत आलेली पाहून तिला रडू आले, कारण ती असल्या वेळी परत यावी हा अन्यायच होता. मग त्याने डॉक्टरला दोनच गोष्टी विचारल्या. औषध घेतले तर किती? डॉक्टरने न लपवता सांगितले: काही महिने, कदाचित वर्ष, त्याहून जास्त थोड्यांनाच. आणि त्यातला किती वेळ डोके जागेवर राहील?

"गाठ दबलेली असेल तोवर राहील. ती परत वाढली, तर हा त्रासही परत येऊ शकतो."

"मग घेतो," तो म्हणाला. "पण डोकं जायला लागलं की नळ्या-बिळ्या नकोत, पाणी तोडणं नको. घरी न्यायचं आणि मागेन ते द्यायचं." त्याने बोट बायकोकडे केले. "कधी ते ही सांगेल. मला नाही कळायचं."

"मला कळलं होतं का मागच्या वेळी?" ती उसळून म्हणाली. "महिनाभर मी तुमच्या मागे जग घेऊन फिरले. हे ओझं माझ्या डोक्यावर ठेवू नका."

"भावाच्या ठेवू? तो थांब्याआधीच गाडी थांबवील."

तिला नाही म्हणता आले नाही, आणि हो असेही ती म्हणाली नाही. डॉक्टरने ते लिहून घेतले.

औषधाच्या पहिल्या फेऱ्यांनी गाठ खरोखर आकसली. केस गेले, पण क्षार जागेवर आले, आणि तो घरी खुर्चीत पुन्हा पूर्वीसारखा बसू लागला. सुखाने बसली नाही ती तीच. तो उठला की तिचे यंत्र थांबे. तो नाव विसरला, चष्मा शोधू लागला, भाजी अळणी म्हणाला, की ती सुई सोडून त्याच्याकडे पाही. साठीच्या माणसाने चष्मा विसरणे हे वय की गाठ? खिडकी बंद करण्यावरून तो चिडे. ही चीड त्याची की दुसऱ्या कोणाची? पूर्वी त्याच्या चिडण्यावर ती तोडीस तोड बोलत असे. आता आधी तपासत असे.

एका दुपारी त्याने शर्टांचा गठ्ठा खुर्चीवरून काढून रागाने जमिनीवर ठेवला. "बसायला जागा ठेवत जा माणसाला. घर आहे की गोदाम?"

ती त्याच्या डोळ्यांत पाहत राहिली. डावीकडून, उजवीकडून. कोणता महिना, असे विचारायला तिने तोंड उघडलेही.

"माझाच आहे," तो म्हणाला.

"काय?"

"राग. बघतेस काय? माझाच आहे, गाठीचा नाही. भांड आता."

तिने जमिनीवरचा गठ्ठा उचलला, तो पुन्हा खुर्चीवर आदळला आणि म्हणाली, "गोदामातच राहताय तुम्ही, इतकी वर्षं. भाडं कोण देतं, तुमची खुर्ची?" बोलताना तिचा आवाज चढला, आणि चढलेल्या आवाजाखालून ती त्याचे प्रत्येक उत्तर कान देऊन ऐकत होती.